पुढच्या अंगणाची आखणी: आधी पाणी, मग ऊन, झाडं सगळ्यात शेवटी

पुढच्या अंगणाचं काम काढलं की बहुतेक जण पहिली फेरी नर्सरीत मारतात. फुललेली जास्वंद, पिवळीधमक बिट्टी, कोवळा पाम, जे डोळ्यात भरेल ते गाडीत चढतं आणि कुठे लावायचं याचा विचार घरी आल्यावर सुरू होतो. उपोष्ण हवामानात याची किंमत फार लवकर मोजावी लागते. साधारण २३.५ ते ३५ अंश अक्षांशांच्या या पट्ट्यातल्या दमट भागांत उन्हाळा लांब आणि कडक असतो, पाऊस बहुतेक उन्हाळी महिन्यांतच येतो आणि आला की कोसळतो, हिवाळा सौम्य असला तरी एखाद्या पहाटे गवतावर हिमकण दिसतात. अशा हवेत झाडं वर्षातला बराच काळ वाढतच राहतात. भिंतीला खेटून लावलेलं झुडूप दोन-तीन पावसाळ्यांत खिडकी झाकून टाकतं आणि मग कायमची कात्री हातात येते.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. अंगणात पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि दुपारनंतरचं ऊन कुठे पडतं, एवढं आधी शोधा. निम्मी आखणी तिथेच होऊन जाते.

पहिली पायरी: कागद, पेन्सिल आणि थोडा धीर

चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक फूट असं प्रमाण धरून अंगणाचा नकाशा काढा. घराची भिंत, दार, फाटक, गाडीची जागा, नळ, सेप्टिक टँक, जमिनीखालचे पाइप, वरून जाणाऱ्या वीजतारा असं सगळं त्यावर हवं. खिडक्या दाखवताना जमिनीपासून चौकटीपर्यंतची उंचीही लिहा. पुढे झुडपं निवडताना हाच आकडा सगळ्यात जास्त कामाला येतो.

मग सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता बाहेर येऊन सावल्या कुठवर आल्यात ते त्याच नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी रेखा. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, सावल्या लांबतात, त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही ऋतूंत हे करा. सकाळचं ऊन झाडांना मानवतं. चार वाजताचं पश्चिमेचं ऊन मात्र भिंत तापवतं, ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि तिच्यालगतची नाजूक पानं करपतात. पश्चिमेकडची ती पट्टी नकाशावर ठळक करून ठेवा.

रस्त्यावरून अंगण कसं दिसतं हे सगळेच बघतात. आत बसूनही बघा. खुर्चीत बसल्यावर खिडकीतून काय दिसतं, काय झाकायचं आहे आणि काय मोकळं ठेवायचं आहे हे आतूनच कळतं, कारण रोज बघणार आहात ते तुम्ही, येणारा-जाणारा नाही.

पाण्याची वाट

जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पन्हळीचं पाणी कुठे पडतंय, कुठे माती वाहून खडे उघडे पडताहेत, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानेही कुठे तळं दिसतंय, ते टिपून घ्या. कुठल्याही आराखड्यापेक्षा हा एक पाऊस जास्त शिकवतो.

छपरावरून किती पाणी येतं याचा बहुतेकांना अंदाज नसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १००० चौरस फुटांच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी खाली येतं, आणि या हवामानात तेवढा पाऊस एखाद्या तासातही होतो. ते पाणी पायालगत मुरलं तर भिंतींना ओल येते, वाळवीला आयतं घर मिळतं.

घरालगतच्या पहिल्या १० फुटांत जमिनीला घरापासून दूर जाणारा ६ इंचांचा उतार हवा. मोजायला सोपं आहे: भिंतीजवळ एक खुंटी आणि १० फुटांवर दुसरी ठोका, दोरी ताणून पाणसळीने समपातळीत आणा आणि दोन्ही टोकांना दोरीपासून जमीन किती खाली आहे ते मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा उतार. तो कमी असेल तर भिंतीजवळ माती चढवण्याचा मोह होतो. पण जोत्याच्या पातळीपासून निदान ६ इंच खालीच माती राहिली पाहिजे. तेवढी जागा नसेल तर लांबची जमीन खरवडून खाली घ्या, नाहीतर उथळ चर काढून पाणी बाजूने फिरवा. उतार देताना ते शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही हेही पाहा.

आता जमीन पाणी किती पिते ते तपासा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा, काठोकाठ भरा आणि पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाला पातळी किती उतरते ते बघा. तासाला एक-दोन इंच उतरत असेल तर जवळजवळ सगळं काही लावता येईल. अर्धा इंचही उतरत नसेल तर ती जागा वाफे उंच करून वापरावी लागेल, किंवा तिथे ओल सोसणारीच झाडं लागतील.

ज्या कोपऱ्यात पाणी आपसूक जमतं तिथे त्याच्याशी भांडू नका, जमीन मुरवणारी असेल तर तिथेच पाणी मुरवणारा वाफा करा. घरापासून निदान १० फूट दूर, ६ ते ८ इंच खोल, बशीसारखा उथळ, तळ सपाट. काठावर एका बाजूला दगड रचून जास्तीचं पाणी बाहेर पडायला वाट ठेवा. तळाला कर्दळ आणि स्पायडर लिली, काठावर वाळा. वाळ्याची मुळं १० फूटही खोल जातात, त्यामुळे काठ धरून राहतो आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून तो मरतही नाही. अट एकच, दोन दिवसांत पाणी पूर्ण मुरलं पाहिजे. उबदार हवेत डासाचं अंडं साधारण आठवडा-दहा दिवसांत पंख फुटून उडतं, तेव्हा साचलेल्या पाण्याला तेवढी मुदत मिळता कामा नये.

माती: बाटलीतली परीक्षा

उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून जोरात हलवा. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा आणि दिवसभर पाण्यात तरंगत राहते ती चिकणमाती. थरांची जाडी बघूनच हातात काय आहे ते कळतं. वाळू जास्त असो की चिकणमाती, उपाय एकच आहे: दोन इंच चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरून वरच्या ६ ते ८ इंच मातीत मिसळणं. चिकणमातीत नुसती वाळू घालू नका, ती मिळून विटेसारखी घट्ट होते. ओल्या चिकणमातीवर चालणं आणि खणणंही टाळा, ती दबली की पुन्हा भुसभुशीत व्हायला वर्षं लागतात.

भिंतीलगतची माती बऱ्याचदा वेगळीच निघते. बांधकामाचा चुना-सिमेंट त्यात मिसळलेला असतो आणि सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता) चढलेला असतो. अशा जागी एक्झोरा किंवा अनंत लावला की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागतं. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. खतांचा मारा करून ते सुधारत नाही. राडारोडा उकरून काढा, नाहीतर ही दोन झाडं भिंतीपासून दूर न्या.

वाट आणि फरशी

फाटकापासून दारापर्यंतची वाट ४ फूट रुंद ठेवा, दोन माणसं बरोबरीने चालतात. बाजूच्या पायवाटेला अडीच-तीन फूट पुरतात. वळण द्यायचं तर त्याला कारण हवं, एखादं झाड किंवा उतार. उगाच नागमोडी केलेल्या वाटेवर चार दिवसांत लोक गवत तुडवून सरळ वाट पाडतात.

पेव्हर बसवायचे तर खालची माती धुम्मसने दाबून त्यावर ४ इंच खडी-मुरूम थराथराने ठोकून बसवा, वर एक इंच वाळू, मग पेव्हर, आणि दोन्ही कडांना पक्का आधार. गाडी येणार असेल तर खालचा थर ६ ते ८ इंच. दर फुटाला पाव इंच असा आडवा उतार द्या म्हणजे पाणी थांबत नाही आणि शेवाळ धरत नाही. गुळगुळीत, चकचकीत फरशी पावसात घसरते, ती बाहेर नकोच. रंग फिकट घ्या. गडद दगड दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही इतका तापतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. वाट पक्की करण्याआधी तिच्याखालून दोन इंची पीव्हीसी पाइपचा रिकामा तुकडा आडवा टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची वायर पलीकडे न्यायची झाली तर फरशी फोडावी लागत नाही.

सावलीचं झाड

अंगणातला सगळ्यात मोठा निर्णय हा. एक मध्यम आकाराचं, हिवाळ्यात पानं गाळणारं झाड पश्चिमेला आलं की उन्हाळ्यात भिंत सावलीत राहते आणि थंडीत ऊन आत येतं. उत्तर गोलार्धात नैर्ऋत्य आणि दक्षिण गोलार्धात वायव्य बाजूही चालते.

कांचन, बहावा, तामण ही चांगली निवड. जिथे कडाका थोडा जास्त पडतो तिथे तामणीच्याच कुळातली क्रेप मर्टल तग धरते. जागा अगदीच लहान असेल तर पारिजातक किंवा चाफा. चाफा मात्र हिमाला भितो, त्याला भिंतीच्या उबेत आणि निचऱ्याच्या जागी ठेवा. थंड हवा पाण्यासारखी उताराने खाली सरकते, म्हणून अंगणातला सगळ्यात सखल कोपरा थंडीच्या रात्री सगळ्यात गार असतो. नाजूक झाडं तिथे लावू नयेत. लहान अंगणात गुलमोहर, वड, पिंपळ, रबर, बेंजामिना फायकस नकोच. गुलमोहराची मुळं वरवर पसरून फरशी उचलतात आणि फांद्या वादळात मोडतात. फायकसची मुळं पाइपांच्या सांध्यांत शिरतात. लहान झाडाला घरापासून १० फूट, मध्यम झाडाला १५ ते २० फूट अंतर द्या आणि वर वीजतारा नाहीत ना ते बघा.

लावताना घाई करू नका. पिशवी फाडल्यावर मातीचा गोळा हातात घेऊन नीट बघा. नर्सरीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आतून गोल गोल फिरलेली असतात, तळाशी तर दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी. ती तशीच पुरली तर झाड वाढतं, पण मुळं बाहेर पसरत नाहीत. खोड जाड झालं की हीच वेटोळी त्याला आवळतात आणि एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. धारदार सुरीने गोळ्याच्या बाजूंना वरून खाली तीन-चार उभ्या चिरा द्या, तळाचं वेटोळं छाटून टाका, बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करा. मन धजत नाही, पण करा.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती भरली की झाड पुढे खचतं. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. खांबासारखं सरळ खोड जमिनीत शिरताना दिसलं तर झाड खोल गेलंय असं समजा. खड्डा उकरलेल्याच मातीने भरा. चिकणमातीत नुसत्या खड्ड्यातच खत घातलेली भुसभुशीत माती आणि तळाला खडी भरली तर पाणी तिथेच साचून मुळं कुजतात. शेणखत वरून पसरा. बाहेरून आळं करा, एक बादली पाणी हळूहळू सोडा, माती बसली की पुन्हा थोडी माती आणि पुन्हा पाणी. खोड वाऱ्याने झुकत असेल तरच काठी लावा, सैल बांधा आणि वर्षभरात काढून टाका. थोडं हलत राहिल्यानेच खोड भरतं.

झुडपं आणि खालची भर

प्रत्येक झुडपाची पूर्ण वाढलेली रुंदी विचारा, तिची निम्मी करा, त्यात एक फूट मिळवा. भिंतीपासून तेवढ्या अंतरावर रोप लावा. जास्वंद ६ फूट पसरते, तर तिची जागा भिंतीपासून ४ फुटांवर. सुरुवातीला अंगण उघडंबोडकं वाटेल. मधल्या जागेत झिनिया, कॉसमॉस, सदाफुली अशी हंगामी भर घाला, पण रोपं जवळ जवळ खुपसू नका. खिडकीखाली चौकटीपेक्षा कमी उंचीचंच झुडूप घ्या, म्हणजे छाटणीची कटकटच उरत नाही.

एकेक जातीचं एकेक रोप लावलेलं अंगण नर्सरीचा नमुना वाटतं. त्यापेक्षा मोजक्या पाच-सहा जाती निवडून प्रत्येकीचे तीन किंवा पाच रोपांचे पुंजके करा. तापत्या पश्चिमेच्या पट्टीत बोगनवेल, निळा चित्रक, कोरफड. सकाळच्या उन्हात जास्वंद, तगर, अनंत, एक्झोरा. झाडाच्या सावलीत अबोली, फर्न, मोंडो गवत. दाराजवळ सुवास हवा, पण रातराणी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नका, तिचा उग्र दरवळ अनेकांना डोकेदुखी देतो.

काही झाडांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा जनावरं असतील तर ती नकोत, आणि छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, धूरही बाधतो. घाणेरी दिसायला रंगीत, पण भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत तिने रानं गिळली आहेत. ती नकोच. कुंतीचं कुंपण सुंदर होतं, मात्र लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला कीड तिच्यावर जगते. जवळ लिंबू-संत्री असतील तर दुसरं काही निवडा.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना, गाडी बाहेर काढताना जिथून रस्ता दिसायला हवा तिथे, अडीच फुटांपेक्षा उंच काही नको.

लॉन हवंच का?

खेळायला, बसायला जागा हवी असेल तर जरूर करा. नुसतं दिसायला म्हणून अख्ख्या अंगणात गवत करणं मला पटत नाही. सगळ्यात जास्त पाणी आणि कष्ट तेच खातं. जेवढं वापराल तेवढंच ठेवा, एकसंध आणि सोप्या आकाराचं, म्हणजे यंत्र फिरवता येतं. हरळीला रोजचं निदान सहा-सात तास ऊन लागतं. अर्ध्या सावलीत सेंट ऑगस्टीन गवत टिकतं. दाट सावलीत कुठलंच गवत धड होत नाही, तिथे आच्छादन घाला. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. हरळी दीड इंचापर्यंत बुटकी चालते, सेंट ऑगस्टीन मात्र ३ ते ४ इंच ठेवावं लागतं.

आच्छादन आणि पाणी

सगळ्या वाफ्यांवर २ ते ३ इंच पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा-सालपटं पसरा. ऊन मातीला भिडत नाही, तण कमी येतं, पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही. खोडापासून तीन-चार इंच आणि भिंतीपासून सहा इंच जागा मोकळी सोडा. खोडाभोवती ढीग रचला की साल कुजते, भिंतीला टेकवलं की वाळवी चढते. वर खडी पसरून खाली प्लास्टिक अंथरणं टाळा. माती गुदमरते आणि धुळीत तण उगवायचं ते उगवतंच.

नव्या रोपाला पहिले दोन आठवडे रोज पाणी, पुढे दोन महिने दोन-तीन दिवसांआड, मग वर्षभर कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा पोटभर. भोवतालची माती ओली दिसली तरी गोळा आतून सुकलेला असू शकतो, म्हणून बोट गोळ्यातच खुपसून बघा. ठिबक लावलं असेल तर झाड वाढेल तशा पाणी ठिबकणाऱ्या तोट्या बुंध्यापासून बाहेर सरकवा. लॉनला उष्ण, कोरड्या आठवड्यात एक इंच पाणी पुरतं. सरळ बाजूंचे दोन-तीन रिकामे डबे गवतात ठेवून स्प्रिंकलर चालू करा, एक इंच भरायला किती वेळ लागतो ते एकदा बघून घ्या. पाणी पहाटे द्या. रात्री ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

कधी काय करायचं

उतार, चर, वाट, पाइप ही कामं कोरड्या ऋतूत उरका. झाडं-झुडपं पावसाच्या सुरुवातीला लावा, कडक उन्हाळ्यात नाही. भर पावसात रासायनिक खत टाकलं तर ते वाहून गटारात जातं, आणि थंडी तोंडावर आली असताना नत्र दिलं तर कोवळी फूट हिमात सापडते.

छाटणीचं वेळापत्रक झाडागणिक वेगळं. जास्वंद आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, त्यांना थंडी संपताना छाटा. अनंताच्या कळ्या जुन्या फांदीवर येतात, त्याला बहर सरल्यावर लगेच. हिमाने काळवंडलेल्या फांद्यांना मात्र हात लावू नका. नखाने साल थोडी खरवडून बघा: आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. नवी फूट कुठून निघते ते दिसेपर्यंत थांबा आणि तिच्या जरा वरून कापा.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतातच. थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातात. पसरले तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा आणि आठवड्याने पुन्हा एकदा तपासा.